पाच वटवाघळांची फुलदाणी

“ही… वटवाघळं आहेत?”

मराठी कानावर पडलं म्हणून ईराने मान वर केली. आखातातल्या मुशैरिब भागात, मुनीरा मॅडमच्या घरी, तळमजल्यावर त्यांचा चिनी वस्तूंचा खासगी संग्रह होता आणि त्याची नोंद ठेवायचं काम ईराकडे होतं. समोर एसी कंपनीचा इंजिनिअर उभा होता. खिशावर नाव होतं, शौनक. टेबलावरची तिच्या नावाची पाटी वाचूनच तो मराठीत बोलला असावा.

“वटवाघळंच. पाच आहेत, मोजा.”

लालबुंद कोरीव फुलदाण्यांच्या जोडीपुढे तो वाकला. “आमच्या नाशिकला घरात वटवाघूळ शिरलं, तर आई भटजींना बोलावते.”

“चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौख्य, दोन्हींचा उच्चार एकच. म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार…”

“चारच झाली.”

“तुमचं यंत्र काय म्हणतंय?” ईराने विषय बदलला.

“एकतीस टक्के ओलावा. हवा फार कोरडी आहे.”

“मग फुलदाण्यांना तडे जातील. यांच्यावर झाडाच्या चिकाचा एकेक पातळ थर देत जातात, शंभरेक तरी, आणि मग त्यात कोरतात. दमट हवेतच सुकतो तो चीक. घाई केली तर बिघडतो.”

“मीही घाई करत नाही,” तो हळूच म्हणाला. “मंगळवारी येतो.”

तो मंगळवारी आला. पुढच्याही मंगळवारी आला… ओलावा पंचावन्नवर स्थिरावल्यानंतरही. हातात करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचे दोन कागदी कप असायचे. ईरा फुलदाण्यांपासून लांब, खिडकीशी बसून चहा प्यायची, आणि मंगळवारी आपण कानात झुमके घालतो हे तिच्या उशिराच लक्षात आलं.

मग मॅडमच्या भाचीचं, नजमाचं लग्न ठरलं. “ही जोडी नजमाला,” मॅडम म्हणाल्या. “ईरा, तूच तिच्या खोलीत नेऊन ठेव. यल्ला, चल लवकर.”

“दुसऱ्या कुणाला सांगाल का, मॅडम?”

मॅडम नवलाने पाहत निघून गेल्या. शिडीवर सेन्सर तपासणारा शौनक खाली उतरला.

“या फुलदाण्यांना कुणाचा हात लागू देत नाही तुम्ही. आज काय झालं?”

ईराने फुलदाणीवरच्या पाचव्या वटवाघळाकडे बोट दाखवलं.

“पाचवं सुख राहिलं होतं ना सांगायचं? पूर्ण आयुष्य जगून शांतपणे आलेलं मरण. माझा नवरा, अमेय, एकतिसाव्या वर्षी गेला. लग्नाला आठ महिने झाले होते. सासूबाईंनी माझा पायगुण काढला. मी शिकलेली, म्हटलं, बोलू देत. पण आज नव्या नवरीच्या खोलीत जायचं म्हटलं आणि… पाय उचलेना.”

शौनकने तिची समजूत घातली नाही. शिडीच्या पायरीवर बसून तो म्हणाला, “माझं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपत होतं. काल दोन वर्षं वाढवून घेतलं. तुमच्यासाठी. अमेयचं काल मला ठाऊक नव्हतं… आज कळलं. तरी सही मागे घ्यावीशी वाटत नाही.”

“तुमची आई मानते ना हे सगळं?”

“मानते. दोन दिवस बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी विचारेल, त्या मुलीला जेवायला काय आवडतं.”

ईराला हसू आलं, आणि त्यातच डोळे भरले. “मला भीती वाटते, शौनक. तुम्हाला काही झालं तर?”

“होईलही कधीतरी. सगळ्यांनाच होतं. पण ते तुमच्या पायांमुळे होणार नाही. एवढंच मला खात्रीने सांगता येतं.”

एसीची संथ घरघर चालू होती. ईराने हातमोजे घातले. हातमोज्यांची दुसरी जोडी त्याच्यापुढे धरली.

“एक फुलदाणी मी घेते,” ती म्हणाली. “दुसरी तू घे. दोन्ही हातांनी, बुडाला धरून.”

त्या ‘तू’वर तो क्षणभर अडखळला, मग हातमोजे चढवू लागला.

वरच्या मजल्यावर नजमाने कोपराने दार ढकललं. दोन्ही हातांवर ओली मेंदी होती. “मला काही धरता येत नाही,” ती हसत इंग्रजीत म्हणाली. “तुम्हीच आत या ना.”

ईरा उंबऱ्याशी थबकली. मागे शौनक उभा होता. त्याने घाई केली नाही.

तिने उजवं पाऊल उचललं आणि आत टाकलं.