तीन उष्टी ताटं

सहलीचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला की मी आधी त्यावरचा चहाचा डाग पुसते, मग रस्ते बघते. बावीस वर्षं मी हॉटेलांच्या भटारखान्यांची तपासणी करतेय. ओट्याखाली बॅटरी मारायची, फ्रीजच्या रबरात नख घालून बघायचं आणि मालक हात चोळत उभा असताना नाकाला रुमाल न लावता बोलायचं, हे माझं काम. माणूस कसा आहे ते मला त्याच्या भांडी पुसायच्या फडक्यावरून कळतं. नवरा म्हणतो, तू स्वर्गात गेलीस तरी आधी तिथली मोरी बघशील.

ही सहल मात्र मुलीची होती. सहा महिन्यांपूर्वी ती परीक्षेला परगावी गेली असताना मी तिची खोली साफ केली होती. बुरसटलेले शिंपले, वाळकी पानं, मैत्रिणींची पत्रं, सगळं एका पोत्यात भरून कचऱ्यात दिलं. कपाट धुऊन काढल्यावर मला फार बरं वाटलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची आणि ताट घेऊन खोलीत जायची. आता तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, आणि जाण्याआधी तिनंच विषय काढला. आपण तिघं गाडीनं जाऊ. दोन शहरं, घाट, मधलं जंगल, तळं. ती माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण ही सहल फिसकटली तर ही पोरगी पुन्हा आपल्या टेबलावर बसायची नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

सहा दिवसांचा बेत ठरला. आधी जुन्या पुलाचं शहर, मग घाट. घाटाखाली, दुसऱ्या शहरापर्यंत दोनशे किलोमीटर नुसतं जंगल, आणि त्यात तळ्याकाठी एकच विश्रामगृह. मुलीला खरं तर तेच हवं होतं. टायर आणि पेट्रोल नवऱ्यानं बघायचं, थांबायच्या जागा मुलीनं, मुक्काम मी. निघायला नऊ दिवस होते. मी विश्रामगृहाच्या खानसाम्याला फोन केला आणि माझ्या शिरस्त्याप्रमाणे जेवणाच्या खोलीचा फोटो मागितला. आवाज म्हातारा, आर्जवी होता. त्यानं लगेच पाठवला.

टेबलावर तीन उष्टी ताटं होती. रश्श्यावर थिजलेल्या तेलाची साय धरली होती, तिच्यात पाय रुतून माश्या मेल्या होत्या. एका वाटीत कुणीतरी हात धुतला होता, आणि त्या पाण्यात भाताची शितं टम्म फुगली होती. मला शिसारी आली. आजच्या आज घासा, असं मी बजावलं. हो मॅडम, म्हणाला.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत तीच ताटं होती. भाताला निळसर लव फुटली होती. मी त्याला फोनवर नाही नाही ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, मी रोज घासून पालथी घालतो," तो म्हणाला. "सकाळी दार उघडलं की अशीच असतात."

कोण उतरलंय तिथे, असं मी विचारलं. दोन महिन्यांत कुणीच नाही, तुमचंच बुकिंग आहे, असं तो म्हणाला. एक तर आळशी, वर थापाड्या, असं मी मनातल्या मनात नोंदवून टाकलं. असले छप्पन्न पाहिलेत मी.

त्याच सकाळी उठले तेव्हा तोंडाला आंबूस चव होती. जिभेवर काहीतरी मऊ, केसाळ पसरल्यासारखं वाटत होतं. दोनदा दात घासले. पित्त असेल म्हणून न्याहारी टाळली. दुपारी भूक लागली नाही, संध्याकाळीही नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. पोट मात्र गच्च होतं.

चौथ्या दिवशी आलेला फोटो मी मोठा करून बघितला. एका ताटाच्या काठावर वाटाणे ओळीनं लावले होते. दुसऱ्यात एक घास कालवून तसाच सोडला होता. तिसरं बोटानं निपटून लख्ख केलेलं होतं.

वाटाणे काठाला लावते ती माझी मुलगी. लहानपणापासून. शेवटचा घास टाकून उठतो तो माझा नवरा. मी ताटात शीत ठेवत नाही, आणि त्या दोघांचं उरलेलंही ओट्याशी उभी राहून संपवते. साऱ्या जगाच्या घाणीची मला किळस येते, पण माझ्या माणसांच्या उष्ट्याची कधी आली नाही. गेले सहा महिने तर मुलीचं म्हणून माझ्या वाट्याला तेवढंच येत होतं.

मी दोघांना सांगितलं, हा मुक्काम रद्द करू, वळसा घालून जाऊ. मुलीचा चेहरा उतरला. तिनं माझा फोन घेतला आणि एकेक फोटो बघितला.

"आई, टेबल तर रिकामं आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. एक टेबल, तीन खुर्च्या. एकही ताट नाही." तिनं फोन खाली ठेवला. "तुला घाण दिसली नाही की करमत नाही ना? माझ्या खोलीतही तुला घाणच दिसली होती."

नवऱ्यानंही बघितलं आणि स्वच्छ आहे की, म्हणाला. मी फोन उचलला. मघाच्याच फोटोत दुसऱ्या ताटात आता अळ्या होत्या. मी बघत असताना त्या हलल्या नाहीत. पण नवऱ्याचा चहा संपेपर्यंत मी नजर दुसरीकडे वळवली आणि पुन्हा बघितलं, तेव्हा त्या ताटाच्या दुसऱ्या कडेला होत्या.

मुलगी खुर्ची मागे सारून उठत होती. ती उठली असती तर कायमचीच उठली असती.

"जाऊ," मी म्हटलं. "तिथेच राहू."

पुढचे फोटो न मागता येत राहिले. मी पुसून टाकायचे, पण आधी बघायचे.

काठावरचे वाटाणे कमी होत गेले.

बुरशीत चार बोटांचे चर उमटले.

माझ्या उजव्या हाताच्या नखांना वास येऊ लागला. मी कामावरच्या जंतुनाशकात हात बुडवून बसायचे. कातडी सोलली, वास गेला नाही. अन्नाचा कण पोटात गेला नव्हता, तरी साडी कमरेला घट्ट होत होती.

निघायच्या आदल्या दिवशी तिन्ही ताटं लख्ख होती. खाली म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, आज घासावी लागली नाहीत.

त्या संध्याकाळी मुलगी बॅग भरून बाहेर आली. तू माझ्यासाठी ऐकलंस, म्हणाली, आणि तिनं मला मिठी मारली. सहा महिन्यांनी. मी डोळे मिटून घेतले.

मग तिचे हात सैल पडले. ती दोन पावलं मागे सरली आणि तिनं मनगट नाकाशी धरलं.

"आई, काय खाल्लंयस तू?"

"काही नाही गं."

तिनं माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षं मी ज्या नजरेनं लोकांकडे बघत आले, तीच ती नजर होती.

सकाळी ती पुढे, बापाच्या शेजारी बसली आणि तिनं काच पूर्ण खाली केली. पुलावर फोटो काढताना तिनं आम्हा दोघींमध्ये बापाला उभं केलं. दोन दिवस मी पाण्यावर काढले. दोघं जेवायची, मी दुसरीकडे बघायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी घाट उतरलो. झाडं दाट झाली, रस्त्यावर सावली आली. मुलीनं मान बाहेर काढली आणि ती हसली. तळं आठ किलोमीटर, असा फलक मागे गेला.

आणि इतक्या दिवसांनी मला कडकडून भूक लागली.