राहीमावशीची नथ

आधीच सांगतो, खाली 'स्टोरी भारी आहे' असं लिहू नका. ही स्टोरी नाही. यातली माणसं माझ्या घरची आहेत आणि त्यातल्या एकीचं वाटोळं झालंय.

गेल्या वर्षी, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घडलं. खारघरला, आमच्या दादाच्या सोसायटीमागच्या तलावावर.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे बारा.

मी रणजीत. ऐरोलीला एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या, चेन शोधून देतो. हौस म्हणा, खाज म्हणा.

त्या दिवशी काम घरचंच होतं.

माझी राहीमावशी दोन वर्षांपूर्वी वारली. तिची सोन्याची नथ दरवर्षी गौरीला घालतात. आमची गौर साताऱ्याकडची. तेरड्याच्या रोपांची जुडी आणि पुढे कागदी मुखवटा. मुखवट्याच्या नाकाला भोक नाही. म्हणून नथ दोऱ्यात अडकवायची आणि दोरा मागे तेरड्याला बांधायचा. विसर्जनाला मुखवटा काढून ठेवायचा, तेरडा पाण्यात सोडायचा.

विजयमाला वहिनीने, म्हणजे मावशीच्या सुनेने, मुखवटा काढला. दोरा सोडायचा राहिला आणि नथ तेरड्याबरोबर पाण्यात गेली.

घाईत कुणाच्याही हातून होईल अशी चूक. पण मावशीची मुलगी, प्रियदर्शिनीताई, भर हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "विसरली कसली? माहेरी पोचली असेल नथ."

वहिनीचा नवरा, आमचा विश्वजितदादा, मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. मला त्याचाच जास्त राग आला.

मावशीने मरायच्या आधी वहिनीलाही तशीच नथ करून दिली होती. त्याच सोनाराकडून, तेवढ्याच वजनाची. चोरायची गरज काय होती तिला? पण घरात कुणाला ऐकायचंच नव्हतं.

ती जोडीची नथ मी मशीनखाली धरून बघितली. प्रत्येक वस्तूला मशीन ठरावीक आकडा दाखवतं, म्हणजे हरवलेल्या नथीचाही तोच येणार. स्क्रीनवर आकडा आला... सत्तेचाळीस. नथ घरीच ठेवली आणि दहाला मी आणि वहिनी तलावावर पोचलो.

तिथला वॉचमन दिलीप, जवळच्या गावातला. तो म्हणाला, "पान्यात काय नाय आता. सगला तेरडा आमी रातीच काढून त्या मोकल्या जागंवर टाकलाय."

झालं. तिथून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला.

मशीन पावलापावलाला वाजायचं. हारांची तार. टाचण्या. अगरबत्तीच्या पुड्यातला चंदेरी कागद. कुणाचा तरी चमचा. दोन तास चिखलात गुडघे टेकून मी कचरा वेचत होतो. वहिनी एकेक जुडी उलगडून दोरा शोधत होती. नखं काळी झाली होती तिची.

"भावजी, आज नाही सापडली तर मी त्या घरात कशी राहू, सांगा तुमीच."

मी परत मशीन फिरवायला लागलो.

बारा वाजले असतील...

एकदम जाणवलं. एवढं कुजकं निर्माल्य, पण एकही माशी नव्हती. तलावावरच्या बगळ्यांचा पत्ता नव्हता.

आणि मशीन वाजलं.

सत्तेचाळीस.

मी खोदलं. वीतभर खाली गेलो. काहीच नाही. खड्ड्यावर मशीन धरलं तर... गप्प.

हातभर पुढे वाजलं. सत्तेचाळीस.

तिथे खोदलं. काहीच नाही.

अजून हातभर पुढे.

असे सात खड्डे खणले मी. अक्षरशः शिव्या देत खणले. पंधरा हजाराचं मशीन उचलून तलावात फेकावं असं वाटत होतं. सातवा खड्डा झाल्यावर मान वर केली, तर समोर वहिनी उभी. खड्ड्यांची रांग सरळ तिच्या पायाशी गेली होती.

"वहिनी, तुमच्या अंगावरच्या सोन्यानेच वाजतंय हे! काढा सगळं."

"मंगळसूत्र पण?"

"ते पण! किती वेळ घालवायचा अजून?"

मी ओरडलोच तिच्यावर. आजही लाज वाटते. तिने मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. जोडवी निघेनात, तर चिखल लावून ओढून काढली. सगळं रुमालात बांधून लांब उभ्या असलेल्या स्कूटीच्या डिकीत ठेवून आली.

मशीन तिच्या पायाशी धरलं. गप्प.

हुश्श म्हणून मी ते वर उचललं...

कमरेपाशी गप्प. छातीपाशी गप्प.

आणि वहिनीच्या डाव्या बाजूला, तिच्या खांद्याच्या उंचीवर, रिकाम्या हवेत...

सत्तेचाळीस.

खाली घेतलं, बंद. वर नेलं, चालू. एक वीत इकडे नाही, एक वीत तिकडे नाही. तेवढ्या एकाच जागी.

मावशी बुटकी होती. वहिनीच्या शेजारी उभी राहिली की तिचं नाक बरोबर वहिनीच्या खांद्याशी यायचं.

वहिनीला मी काहीच बोललो नव्हतो. तरी तिने हळूच डावीकडे मान वळवली.

"आई?"

मशीन वाजतच होतं.

"आई, नथ तुमचीच आहे, राहू द्या तुमच्याकडे. पण घरी चला आणि ताईंना सांगा हो. मी नाही घेतली."

आवाज थांबला.

मी घाबरून मशीन बंदच केलं. स्कूटीवरून घरी आलो. लिफ्टमध्ये शिरलो आणि बंद मशीन... हो, बंद मशीन... नवव्या मजल्यापर्यंत वाजत राहिलं.

ताईनेच दार उघडलं. "सापडली?"

"सापडली," वहिनी म्हणाली. "आईंच्या नाकात आहे. भावजींना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताई, दादा, शेजारच्या दोन बायका.

मी म्हणालो, "ऊन लागलंय वहिनींना. नथ नाही मिळाली."

का म्हणालो? हसतील म्हणून. मलाही वेड्यात काढतील म्हणून. दुसरं काही कारण नाही.

वहिनीने माझ्याकडे फक्त बघितलं.

आधी नुसती चोर होती, आता डोक्यावर परिणाम झालेली चोर झाली. दिवाळीआधी दादा तिला माहेरी सोडून आला. अजून आणलेली नाही.

मशीन मी माळ्यावर टाकलंय, सेल काढून. तरी गेल्या रविवारी दुपारी वाजलं. खाली काढलं, खोलीभर फिरवलं. दाराशी, माझ्या खांद्याच्या खाली... सत्तेचाळीस.

मावशी कशाला आली होती ते मला कळलं. तिथेच उभा राहून ताईला फोन लावला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी खोटं बोललो होतो, हेही सांगितलं.

ताई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुलापण तिने फितवलं ना रणजीत? किती दिले?"

आणि फोन ठेवला.

मी दाराकडे बघून म्हणालो, "मावशी, सांगितलं गं मी. आता अजून काय करू?"

मशीन थांबलं नाही.