गिऱ्ह्याचा बळी

दिपेश खाडीच्या चिखलात पालथा पडलेला सापडला. चौऱ्याण्णव सालचा मार्गशीर्ष होता. पोलीस पोचण्याआधीच वाशीजवळच्या त्या गावाने निकाल देऊन टाकला होता: गिऱ्ह्याने नेला. गिऱ्हा म्हणजे खाडीतलं भूत. अंधारात दिवा दाखवून ते माणसाला पाण्यात ओढतं. पावसाळा सरल्यापासून हा दिवा पुष्कळांनी पाहिला होता.

गिऱ्हा सोडला कोणी, हेही ठरलं होतं. काठावर एकटी राहणाऱ्या म्हाताऱ्या जाईबाईने. प्रेत जळलं की तिचं खोपटं पेटवायचं, असं लोक उघड बोलत होते.

फौजदार उदयसिंह साताऱ्याकडचे. भुतांवर त्यांचा विश्वास नव्हता, जमावावर मात्र पुरेपूर होता. जाईबाईच्या दारात दोन शिपाई उभे करून त्यांनी दिपेशच्या थोरल्या भावाला बोलावलं. नामदेव हल्ली बिल्डर झाला होता आणि त्याची नवी इमारत जाईबाईच्या खोपट्यापाशी येऊन अडली होती.

"प्रेताला कुणी हात लावला?"

"कोनीच नाय, साहेब. गिऱ्ह्यानं धरलेल्याला आमी शिवत नाय. तुमच्याच मानसांनी काढला."

"तू?"

"मी पन नाय. लांबूनच बघितला."

"भावाशी भांडण?"

"लेकरावानी वाढवलाय त्याला." नामदेव रडला. ते रडणं खोटं नव्हतं, म्हणून उदयसिंह बुचकळ्यात पडले.

जाईबाईने सांगितलं, की दिपेश आदल्या संध्याकाळी तिच्याकडे येऊन गेला होता. घर सोडू नको, दिवा कोण लावतो ते मी गावकीत सांगणार आहे, असं म्हणाला. नाव विचारलं तर मान खाली घालून गेला.

दुपारी डॉक्टरांनी मानेवरचे बोटांचे वण दाखवले आणि जिभेखालून निघालेलं तुळशीचं पान दिलं. पानाबद्दल उदयसिंह कोणापाशी बोलले नाहीत.

प्रेत अंगणात आलं. चुलती विमलबाईने पाण्याचा तांब्या आणि तुळशीचं पान पुढे केलं. नामदेवने भावाच्या तोंडात पाणी घातलं. पान घेतलं नाही.

"पान घाल की रे," विमलबाई म्हणाली.

"झालंय ते."

उदयसिंह पुढे झाले. "कधी झालं? प्रेताला तर कुणी शिवलं नव्हतं. तरी जिभेखाली पान होतं. भुताला तुळस चालत नाही, आणि परका खुनी पान शोधत बसत नाही. गळा दाबून झाल्यावरही तसं घरच्यालाच सुचतं. ते पान डॉक्टरांनी काढलं, हे तुला ठाऊक नव्हतं. दिवा तूच लावायचास, नामदेव. भिऊन म्हातारी जाईल आणि जागा मोकळी होईल म्हणून. दिपेश ते चारचौघांत सांगणार होता."

नामदेवने भावाच्या ओठांवरून ओघळलेलं पाणी पुसलं. "पोर माजं होतं, साहेब. तसाच कसा धाडू त्याला?"

त्याला गाडीत घातल्यावर उदयसिंह जाईबाईकडे गेले आणि किटाळ टळलं म्हणाले. गाव काय म्हणतंय, असं तिने विचारलं. त्यांना खोटं बोलवेना. विमलबाई अंगणात बायकांना सांगत होती, की नामदेव असा नव्हता, कोणीतरी त्याच्या अंगात गिऱ्हा घातला.

जाईबाईने मान हलवली आणि बोचकं बांधायला घेतलं.