सोवीन कुठे होतं?

बाहेर बर्फाळ पाऊस झोडपत होता, म्हणून मी अमेरिकेतल्या वूस्टरच्या लायब्ररीत शिरले. समोरच्या टेबलावर एक जण जुन्या नकाशावर वाकला होता.

"उलटा धरलाय येड्यानं," मी पुटपुटले.

"येड्याला मराठी कळते," तो मान वर न करता म्हणाला.

मी मेले! मग त्यानं पाहिलं... करडे डोळे, जागरणानं सुजलेले. "अनीश. बाबा साताऱ्याचे, आई पोलिश. नकाशा मात्र कळत नाही, यार."

"मी हिमानी. नकाशे बनवणं हाच माझा जॉब आहे."

त्याची बाप्चा, म्हणजे आईची आई, एक्क्याण्णव वर्षांची, श्रूजबरीच्या नर्सिंग होममध्ये शेवटचे दिवस मोजत होती. तिला एकच हवं होतं... आपलं गाव, सोवीन, नेमकं कुठे होतं?

तीन शनिवार आम्ही शोधत राहिलो. पोलंडच्या ईशान्येची एक ग्मिना, आपल्या तालुक्याहून लहान. रेताड जमीन, राय नावाचं धान्य आणि बटाटे, दलदलीतून वळत जाणारी नदी. एकोणीस गावं. दुसऱ्या महायुद्धात आधी रशियन आले, मग जर्मन. त्रेचाळीसमध्ये जर्मनांनी सोवीन माणसांसकट जाळलं. चोपन्नमध्ये सरकारनं ग्मिनाच मोडली. त्र्याहत्तरमध्ये पुन्हा उभी केली, तेव्हा यादीत अठराच गावं होती.

"तू इतकी जवळ बसलीस की मला नकाशा दिसत नाही," अनीश म्हणाला.

"मग सरकू?"

"नको... नकाशा राहू दे."

तिसऱ्या शनिवारी जुना नकाशा उपग्रहाच्या चित्रावर नीट बसला. सोवीनच्या जागी, नदीच्या वळणाजवळ, नुसती पाईनची झाडं.

नर्सिंग होममध्ये बाप्चानं लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. पोलिशमध्ये ती बोलत गेली, अनीश अडखळत सांगत गेला. "इथे घर... इथे दलदल. गाव जाळलं त्या दिवशी ती बदकं घेऊन गेली होती, लव्हाळ्यात लपली. धाकटा भाऊ तिला हाका मारत होता. ती... गप्प राहिली." तो माझ्याकडे वळला. "ऐंशी वर्षं तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं."

मी तिचा हात धरला. त्यात काही वजनच नव्हतं.

चार दिवसांनी बाप्चा गेली.

दफनाला आम्ही नऊ माणसं होतो. नंतर पार्किंगमध्ये, बोचऱ्या वाऱ्यात अनीश माझ्यासमोर उभा राहिला.

"स्प्रिंगमध्ये मी तिथे जाणार. झाडांशिवाय काही नाही बघायला. तू येशील?" मग घाईघाईनं, "थांब, आधी दुसरं सांगतो. मला तू आवडते... नाही, त्याहून जास्त. मराठीत काय म्हणतात?"

"प्रेम," मी म्हटलं.

"हां. ते."

त्याचे ओठ थंडीनं निळे पडले होते. गालांवरचं पाणी तो पुसतही नव्हता.

"माझंही आहे," मी म्हटलं. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसावं... म्हणून पुढे होऊन, त्याचा चेहरा हातांत धरून, मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं.