चौथ्या गाण्यातली खुर्ची

काचेच्या खोलीत बसलेल्या माणसाचं लक्ष नव्हतं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, एवढंच काम. पण आवाज बारीक होत गेला तशी त्याची मोकळी बोटं गुडघ्यावर चालायला लागली. टक-टक, टक... जरा थांबून भराभर तीन.

बाहेर यंत्रापाशी बसलेली ती आधी वैतागली. दिवसभर लोकांचे कान तपासायचे म्हणजे शांतता लागते. माईकवरून दटावायला तिनं हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. ही टकटक तिच्या ओळखीची होती.

"तुम्ही... 'पत्ता बदलला आहे' वाजवताय का?"

काचेपलीकडून त्यानं चमकून पाहिलं. "हो. दुसरं गाणं."

"तिसरं. दुसऱ्यात ड्रम इतक्या लवकर येत नाहीत."

तो पहिल्यांदा हसला.

'पत्ता बदलला आहे' हा अल्बम पंधरा वर्षांपूर्वीचा. कॉलेजातल्या चार मुलांनी मोटारीच्या शेडमध्ये बसून केलेला. गायकाचा आवाज फाटका, गिटारी एकमेकींच्या अंगावर धावून जाणाऱ्या. पण त्या सगळ्या गोंगाटातून कुणीतरी अगदी मनापासून काही सांगत असायचं, भर गर्दीत हात घट्ट धरून कुणी बोलावं तसं. चौघं नंतर आपापल्या वाटेनं गेले, दुसरा अल्बम आलाच नाही. फार थोड्यांनी तो ऐकला. पण ज्यांनी ऐकला त्यांच्या मनातून काही तो उतरला नाही. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, वसतिगृहात राहायची. मैत्रिणीबरोबर एकच इयरफोन वाटून घेऊन तिनं तो इतक्यांदा ऐकला होता की इयरफोनची वायर दोनदा तुटली.

तपासणी झाली. तो सुतार होता. लाकूड कापायच्या मशीनशेजारी इतकी वर्षं काढल्यावर कानांना बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे झाले होते. डावा कान जास्त. बाहेर त्याची ताई बसली होती. तीच त्याला धरून घेऊन आली होती.

"हाक मारली तर ओ देत नाही," ताईनं तक्रार केली. "माझ्या मुलीला वाटतं, मामा रुसलाय."

"ताईचं ऐकू येतं हो," ताई बाटलीत पाणी भरायला गेल्यावर तो हळूच म्हणाला. "पण चौथ्या गाण्याच्या शेवटी ती खुर्ची करकरते ना... ती दोन वर्षं झाली, ऐकू येत नाही."

"खुर्ची? तिथे कुणीतरी हसतं. मुलगी आहे."

"मॅडम, मी खुर्च्या बनवतो."

"आणि मी कान तपासते."

दोघंही मागे हटेनात. ताई परत आली तेव्हा भाऊ टेबलावर हात आपटून खुर्चीचा सांधा ढिला झाला की कसा आवाज येतो ते सांगत होता आणि मॅडम गालातल्या गालात हसत होत्या. ताईनं एकदा ह्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि शहाण्या बाईसारखी गप्प बसली.

कानाचं मशीन बसवून तो गेला. ठरल्याप्रमाणे दोन आठवड्यांनी आला, पण चेहरा पडलेला. तिनं पुन्हा तपासणी केली. आधीपेक्षाही कमी ऐकू येत होतं.

"काय केलंत तुम्ही?"

तो खाली बघत राहिला. "मशीन लावलं की गिटार पत्र्यासारखी वाजते. म्हणून ते काढून ठेवलं... आणि आवाज वाढवला. रोज वाढवत गेलो."

"ते बंद करा. आजपासून. आहे तेवढाही कान घालवून बसाल."

"अल्बमच बंद करू?"

"हो."

"कारखाना सुरू केला तेव्हा तिथे काही नव्हतं, मॅडम. चार फळ्या, एक रंधा आणि ती सीडी. पहिली खुर्ची मी त्याच गाण्यांवर बनवली. लंगडी झाली होती, तरी अजून ठेवलीय." त्यानं कानामागचं मशीन काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे माणसांचं बोलणं ऐकायला चांगलं आहे. पण माझं तेवढ्यावर भागत नाही."

आणि तो निघून गेला.

दिवसभर ते चिमुकलं मशीन तिच्या टेबलावर पडून होतं. तिला त्या माणसाचा राग आला, मग स्वतःचा. खरं तर तो म्हणत होता ते चूक नव्हतं. ही यंत्रं बोलण्यासाठीच बनवलेली. गाणं आलं की गोंधळतात. पण थोडी मेहनत घेतली तर त्यांना गाणंही शिकवता येतं. तेवढा वेळ कुणी देत नाही, इतकंच.

रविवारी तिनं माळ्यावरचं खोकं काढलं. अल्बम त्यात आठ वर्षं पडून होता. तेव्हा लग्न ठरलेला मुलगा म्हणाला होता, "हे काय पोरकट ऐकतेस?" आणि तिनं मुकाट्यानं तो वर टाकला होता. लग्न मोडलं. मुलगा गेला, पण त्याचं ते वाक्य मात्र घरातच राहून गेलं होतं.

तिनं सीडी लावली आणि बटण दाबलं.

पहिल्याच गिटारीनं तिच्या डोळ्यांत पाणी आणलं. वसतिगृहाची ती हिरवी भिंत, वाळत घातलेले ओले टॉवेल, मैत्रिणीच्या केसांचा वास... सगळं जसंच्या तसं.

"काय पडलं गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही, आई. ड्रम आहेत."

"मग उचल की."

ती हसली, डोळे पुसले आणि वही उघडली. कुठल्या गाण्यात काय वर येतं, काय बुडतं, मिनिटामिनिटाला लिहीत गेली. पुढचा आठवडाभर काम संपलं की ती त्याचं मशीन संगणकाला जोडून बसायची. थोडं बदलायचं, ऐकायचं, पुन्हा बदलायचं. सगळं मनासारखं जमलं तेव्हा तिनं त्याच्या तपासणीच्या कार्डावरचा पत्ता पाहिला आणि निघाली.

कारखान्यात लाकडाचा भुसा घोट्यापर्यंत साचला होता. तिला दारात पाहून त्यानं लाकूड कापायची मशीन बंद केली.

"बसा ना... नको, ती लंगडी आहे. ही घ्या."

"आधी हे लावा," ती म्हणाली. "या बटणानं बोलणं. आणि इथे दाबलं की... गाणं."

तिनं स्पीकरवर चौथं गाणं लावलं, अगदी हलक्या आवाजात. तो मान खाली घालून उभा राहिला. बाहेर पावसाची सर येऊन पत्र्यावर वाजली आणि गेली. गाणं संपत आलं, गिटारी विरल्या, आणि शेवटच्या त्या दोन सेकंदांत त्यानं एकदम टेबलाची कड धरली.



"खुर्चीच आहे," तो म्हणाला. "पण तिच्यावर बसलेली मुलगी हसतेय."

"बघा, म्हणजे मी—"

"निम्म्या बरोबर." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "इतकं का केलंत?"

तिनं उत्तर तयार ठेवलं होतं: हे कामच आहे, रुग्णाची सोय... ते तिनं सोडून दिलं. भुशात पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढत ती म्हणाली, "आवाज एवढाच ठेवायचा. याच्यावर नाही. मी दर आठवड्याला येऊन बघणार."

"असा नियम आहे?"

"नाही."

"मग?"

"रविवारी ऐकत होते ना... तेव्हा कळलं. मला हे एकटीनं ऐकायचं नाहीये. आता... तुमच्याबरोबर ऐकायचंय."

त्यानं टेबलावरचा रंधा बाजूला सरकवला, शर्टाला हात पुसले, पुन्हा पुसले.

"मलाही," तो म्हणाला. "मी रोज ठरवायचो, जाऊन माफी मागायची. तुमच्या तपासणी केंद्राच्या कोपऱ्यापर्यंत तीनदा येऊन गेलो. तू... म्हणजे तुम्ही—"

"तूच म्हण."

स्पीकरवर पाचवं गाणं सुरू झालं होतं. सगळ्या अल्बममधलं सगळ्यात लांब, सगळ्यात आरडाओरड्याचं. गायक काय म्हणतो ते त्यात कुणालाच कधी धड कळलं नव्हतं. तो तिच्याशेजारी फळ्यांच्या ढिगावर टेकला. ती गुणगुणायला लागली, मग तोही. कडव्यापाशी दोघांनी एकदमच शब्द चुकीचे म्हटले, आणि दोघांचीही चूक अगदी एकच होती.