बॉनेटच्या पलीकडे

रोपवाटिकावाल्या बाईंचा जुना पेट्रोल पिकअप सकाळपासून मिस्त्रीच्या गॅरेजात हटून बसला होता. सेल्फ फिरायचा, पण इंजिन काही पेट घेईना. मिस्त्रीने बॅटरीची टोकं घासली, प्लग पुसले, पेट्रोल येतंय का तेही पाहिलं. सगळं ठीक. आता ठिणगी पडते का, तेवढं बघायचं राहिलं होतं. त्याला दोघं लागतात, एक वायर धरायला, एक चावी फिरवायला.

चावीवर त्याने सासऱ्यांना बसवलं. मुलीच्या घरी राहावं लागतंय म्हणून म्हातारा सदा अंग चोरून असायचा. कामाला हाक मारली की लगबगीने उठायचा.

बॉनेट वर होतं, त्यामुळे केबिन दिसत नव्हती. मिस्त्रीने कॉइलची वायर पकडीत धरली. "मारा, मामा!"

सेल्फ फिरला. ठिणगी नाही.

"बस!"

सेल्फ थांबेना, आणि नेमका तेव्हाच मिस्त्रीला कोपरापर्यंत झटका बसला.

"बस म्हटलेलं कळत नाही?" बाईंच्या देखत तो कडाडला. "दोन वेळा आयतं जेवायला बसायचं तेवढं बरं जमतं!"

बाई रस्त्याकडे बघू लागल्या. हात झटकत मिस्त्री आतल्या खोलीत दुसरी पक्कड आणायला गेला. बोलून झाल्यावर जीभ चावायची त्याची जुनी खोड. परतला तेव्हा केबिनकडे मान वळवायचं त्याला धाडस झालं नाही.

"मारा," तो जरा नरमाईने म्हणाला.

सेल्फ लगेच फिरला.

"बस."

तिथल्या तिथे थांबला.

पुन्हा तसंच. मग तर शब्द ओठांवर यायच्या आतच सेल्फ फिरू लागला. ठिणगी निळी, टपोरी पडत होती. मिस्त्रीने वायर जागेवर बसवली आणि पहिल्याच फटक्यात इंजिन धडधडलं.

"जमलं की, मामा!"

"कोणाशी बोलताय, मिस्त्री?" बाकावरून बाईंनी विचारलं. "तुम्ही आत गेलात तेव्हाच ते उतरून गेले."

"मग सेल्फ कोण मारतंय?"

"मला वाटलं, तुम्हीच तिथून वायर जोडून फिरवताय."

मिस्त्री मागच्या दारी धावला. सासरे पायरीवर पाठमोरे बसले होते. चाहूल लागताच डोळे पुसत उठले आणि मूठ पुढे केली.

"चावी माझ्याच हातात राहिली, जावईबापू. तुमचा खोळंबा झाला असेल."

चावी घामाने ओली होती. मिस्त्रीला धरणी दुभंगावी असं झालं. गॅरेजात इंजिन चालूच होतं.

"गाडी कोणी चालू केली?" म्हाताऱ्याने घाबरून विचारलं.

मिस्त्री केबिनपाशी गेला.

आत कोणी नव्हतं. सीट मात्र मधोमध दबलेली होती.

"चुकलं माझं," तो पुटपुटला. कोणाला म्हटलं, ते त्यालाही कळलं नाही.

इंजिन बंद पडलं.

मग दाराच्या आतला दांडा फिरू लागला. अर्धवट उघडी काच थांबत थांबत वर सरकली, कोणी आपला चेहरा दिसू नये म्हणून लावून घ्यावी तशी.

काच पूर्ण लागली. दांडा थांबला. आणि दबलेली सीट आणखी थोडी खाली गेली.