डावीकडचे ठोके

खोटं वाटत असेल तर दवनीवाड्याला या आणि अल्काच्या तोंडून ऐका. माझी सख्खी मामेबहीण आहे ती. थापा मारणाऱ्यांतली नाही.

गेल्या वर्षी, ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत, भरदुपारी घडलेलं आहे हे.

अल्काच्या पोटात जुळं होतं. पाचवा महिना. गोंदियाच्या डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी केली, पुन्हा केली, आणि तिच्या नवऱ्याला, लोकेशला आत बोलावलं. एक बाळ चांगलं आहे, म्हणाल्या. दुसऱ्याला डोकं नाही, हृदयही नाही. चांगल्याचंच हृदय दोघांना रक्त पुरवतंय. नागपूरला जाऊन दुसऱ्याची नाळ बंद केली नाही, तर चांगलंही थकून जाईल.

सासूला, भागीरथाबाईंना, हे काही पटेना.

"बिनकाळजाचं लेकरू वाढून कसं रायलं वं? मशीनच खराब आहे तिची."

अल्काच्याही मनात पाल चुकचुकली. तिनं गावातल्या प्रेमिला सिस्टरला घरी बोलावलं. सिस्टरकडे पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र होतं. बाकी सगळे शेतावर, बांधीत रोवणीला गेलेले. घरात दोघीच.

उजवीकडे ठोके लागले. भरभर, पळते.

सिस्टरनं यंत्र डावीकडे सरकवलं...

तिथेही ठोके होते.

संथ. जड.

सिस्टरनं अल्काची नाडी धरून पाहिली. तिचे नव्हते ते.

"मग हे कोणाचे होय, सिस्टर?"

अल्का बोलली आणि डावीकडचे ठोके थांबले... कोणी कान देऊन ऐकायला थांबावं तसे.

सिस्टर चहाही न घेता निघून गेली.

आता तुम्हीच सांगा, अल्कानं करावं काय? मॅडम चुकत असतील तर जित्या लेकराची नाळ बंद होणार. बरोबर असतील तर थांबण्यात चांगलं लेकरू जाणार. सिस्टरची गोष्ट मॅडमना न सांगता तिनं पुन्हा तपासून घेतलं. दुसऱ्याच्या हृदयाच्या जागी काहीच नव्हतं. अल्का रडत रडत नागपूरला गेली, दुसऱ्याची नाळ बंद करून आली.

पुढे मुलगी झाली, गुटगुटीत. दुसरं निघालं ते मुठीएवढं. लोकेशनं डोळ्यांनी पाहिलं.

सुटलो एकदाचे, असं वाटलं आम्हाला.

महिन्याभरानं अल्का पोरीला मॅडमना दाखवायला गेली. त्यांनी हसत हसत छातीला स्टेथोस्कोप लावला. मग तो जरा बाजूला सरकवला...

हसणं थांबलं. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या.

"हृदय एकच आहे," त्या म्हणाल्या.

अल्कानं काही विचारलंच नव्हतं.

आता पोरीला छातीशी धरून पाजायला घेतलं की अल्का मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावते, दुसरं काही ऐकू येऊ नये इतक्या मोठ्यानं. का, ते मी विचारत नाही.